पाठीवर सॅक, हाताशी अडीच दिवस : जोडप्याचा सिंगापुरातील मुक्काम

लांब पल्ल्याच्या विमानप्रवासात पुष्कळदा वाटेतल्या एखाद्या तिसऱ्या देशात विमान बदलावे लागते, आणि पुढचे विमान लगेच न पकडता प्रवासी त्या शहरात चोवीस तासांहून अधिक काळ राहिला, तर त्या मुक्कामाला विमान व्यवसायाच्या भाषेत ‘स्टॉपओव्हर’ म्हणतात. ‘बॅकपॅकिंग’ म्हणजे पाठीवरच्या एका सॅकमध्ये मावेल एवढेच सामान घेऊन, स्वस्त निवास, सार्वजनिक वाहने आणि स्थानिक लोकांचे रोजचे अन्न यांच्या आधाराने, स्वतःच आखणी करून केलेला प्रवास होय. या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या आणि प्रवासी जोडीने निघालेले असले, की जो दोन-अडीच दिवसांचा मुक्काम घडतो, तो सहल कंपनीबरोबरच्या पर्यटनाहून आणि एकट्याच्या भटकंतीहूनही वेगळा असतो. कारण त्यात वेळ थोडा, पैसा मोजका आणि प्रत्येक निर्णय दोघांचा असतो.

अशा मुक्कामासाठी आशियात बँकॉक, हाँगकाँग, क्वालालंपूर अशी अनेक शहरे उपलब्ध असली, तरी सिंगापूरचे उदाहरण विशेष विचार करण्याजोगे आहे. जगातील महागड्या शहरांत गणल्या जाणाऱ्या या शहरात सॅक घेऊन आलेल्या जोडप्याचा निभाव चांगला लागतो, आणि तो लागतो याचे श्रेय तेथील सार्वजनिक व्यवस्थांना आहे. आगगाडी आणि बस, थेट नळाचे पिण्यायोग्य पाणी, अल्प दरातील भोजनाच्या जागा, विनाशुल्क बागा आणि रात्रीही निर्धास्तपणे चालता येणारे रस्ते या गोष्टी त्या शहराने आपल्या नागरिकांसाठी उभ्या केल्या; पाहुण्यालाही त्या सहज मिळतात. म्हणून या व्यवस्था केवळ खर्च वाचवण्याचे साधन न मानता, त्यांनाच या मुक्कामातील पाहण्याची मुख्य गोष्ट मानावे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

वाऱ्याची वाट पाहणारे बंदर

सिंगापूर हे मलाय द्वीपकल्पाच्या दक्षिण टोकाशी, विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे १३७ किलोमीटरवर असलेले बेट आहे. हिंदी महासागर आणि दक्षिण चिनी समुद्र यांना जोडणाऱ्या मलाक्काच्या सामुद्रधुनीचे दक्षिणेकडील तोंड येथे आहे. शिडाच्या जहाजांच्या काळात पश्चिमेकडून येणारी जहाजे नैऋत्य मोसमी वाऱ्यांवर आणि चीनकडून येणारी जहाजे ईशान्य मोसमी वाऱ्यांवर या भागात पोहोचत, आणि परतीचा वारा सुरू होईपर्यंत त्यांना येथील बंदरांत थांबावे लागे. वाटेवरचा मुक्काम ही आज हौसेची बाब झाली असली, तरी या प्रदेशात ती मुळात निसर्गाने लादलेली गरज होती, आणि या थांबण्यातूनच येथे भाषा, धर्म आणि खाद्यपदार्थ एकमेकांत मिसळले.

‘सिंगापुरा’ हे नाव संस्कृतातील ‘सिंहपुर’ या शब्दावरून आले. १८१९ साली ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी स्टॅमफर्ड रॅफल्स याने येथे कंपनीचे ठाणे वसवले आणि जकातमुक्त बंदर म्हणून ते झपाट्याने वाढले. १८६७ पर्यंत या वसाहतीचा कारभार भारतातील ब्रिटिश सत्तेकडे होता, आणि भारतातून जन्मठेपेवर पाठवलेल्या कैद्यांच्या श्रमातून तेथील अनेक रस्ते व इमारती उभ्या राहिल्या. मलेशियापासून विलग होऊन ९ ऑगस्ट १९६५ रोजी सिंगापूर स्वतंत्र राष्ट्र झाले.

बॅकपॅकिंगच्या इतिहासातही या शहराला स्थान आहे, आणि ते एका जोडप्यामुळेच मिळाले आहे. टोनी आणि मॉरीन व्हीलर हे तरुण दांपत्य १९७२ साली लंडनहून निघून, मिळेल त्या स्वस्त वाहनाने आशिया ओलांडत ऑस्ट्रेलियाला पोहोचले. त्या अनुभवावर त्यांनी १९७३ मध्ये एक पुस्तिका काढली आणि त्यातून ‘लोन्ली प्लॅनेट’ ही प्रवासमार्गदर्शकांची प्रकाशनसंस्था जन्माला आली. कमी पैशांत आग्नेय आशिया कसा पाहावा हे सांगणारे त्यांचे १९७५ चे पुढील पुस्तक त्यांनी सिंगापूरमधील जालन बेसार या भागातल्या एका साध्या हॉटेलात राहून लिहून काढले. त्याच दशकात सिंगापूरचे सरकार लांब केस राखणाऱ्या पुरुषांकडे संशयाने पाहत होते आणि अशांचे काम सर्वांत शेवटी केले जाईल, असे फलक सरकारी कार्यालयांत लावले जात होते. कडक शिस्तीचे राज्य आणि मुक्त भटक्यांची वाट या दोहोंची गाठ या शहरात पडली, आणि आजच्या प्रवाशाला या दोन्ही प्रवाहांचे परिणाम तेथे दिसतात.

उतरण्यापूर्वीची तयारी

भारतीय पारपत्रधारकाला सिंगापुरात प्रवेशासाठी एरवी व्हिसा लागतो. तथापि तिसऱ्या देशाकडे जाताना किंवा तेथून परतताना, अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, जपान, न्यूझीलंड अशा ठरावीक देशांपैकी एखाद्याचा वैध व्हिसा आणि पुढील प्रवासाचे निश्चित तिकीट जवळ असेल, तर भारतीय नागरिकांना ९६ तासांपर्यंत व्हिसाविना थांबण्याची सवलत तेथील शासनाने ठेवलेली आहे. या सवलतीला इतरही अटी असून त्या बदलू शकतात, त्यामुळे तिकीट काढण्यापूर्वी त्या अधिकृत ठिकाणी तपासून घेणे आवश्यक आहे. शिवाय दोघांचीही पात्रता स्वतंत्रपणे पाहिली जाते, हे जोडप्याने विसरू नये. मुलाबाळांकडे ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्या मराठी दांपत्यांनाही, गुडघे आणि पाठ साथ देत असतील तर, ही सवलत उपयोगी पडू शकते. आगमनापूर्वीच्या तीन दिवसांत भरावयाचे ‘अरायव्हल कार्ड’ हे शासकीय संकेतस्थळावर विनामूल्य भरता येते, म्हणून त्यासाठी कोणत्याही मध्यस्थाला पैसे देण्याचे कारण नाही.

सिंगापूरचे घड्याळ भारताच्या अडीच तास पुढे असते. विषुववृत्ताच्या सान्निध्यामुळे सूर्य वर्षभर सकाळी सातच्या सुमारास उगवतो आणि संध्याकाळी सातच्या सुमारास मावळतो. हवा कायम उष्ण व दमट असते आणि पावसाची सर कोणत्याही महिन्यात येऊ शकते. म्हणून सॅकमध्ये सुती कपड्यांचे दोन-तीन जोड, छत्री, पाण्याची बाटली आणि तीन चौकोनी पिनांच्या प्लगचा अडॅप्टर एवढ्या वस्तू पुरतात. मोठे सामान असल्यास ते चांगी विमानतळावरील सामानघरात शुल्क भरून ठेवता येते. औषधे मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावीत, कारण अमली पदार्थांच्या बाबतीत तेथील कायदा अत्यंत कठोर असून त्यात देहदंडाचीही तरतूद आहे. ई-सिगारेट आणि च्युइंगगम यांच्या आयातीवरही बंदी आहे.

दुकानघरातील बंक

निवास हा या शहरातील सर्वांत मोठा खर्च असतो. खासगी घरे तीन महिन्यांपेक्षा कमी मुदतीसाठी भाड्याने देणे तेथे बेकायदेशीर असल्यामुळे, इतर देशांत प्रवासी ज्या घरगुती खोल्या घेतात त्यांचा मार्ग सिंगापुरात बंद आहे, आणि कमी खर्चाच्या निवासाचा भार मुख्यतः हॉस्टेलांवर पडतो. ही हॉस्टेले चायनाटाउन, लिटल इंडिया आणि काम्पोंग ग्लाम या जुन्या वस्त्यांत, बहुधा ‘शॉपहाउस’ म्हणजे दुकानघर या प्रकारच्या इमारतींत असतात. खाली दुकान आणि वर बिऱ्हाड, दर्शनी भाग अरुंद आणि आत लांबवर गेलेली खोली, अशी या घरांची रचना असते. रॅफल्सच्या १८२२ च्या नगररचनेतील नियमानुसार प्रत्येक दुकानापुढे छप्पर असलेली सलग ओसरी सोडलेली असते, तिला मलाय भाषेत ‘काकी लिमा’ म्हणजे ‘पाच फूट’ असे नाव आहे. ऊन आणि पाऊस चुकवत जुन्या वस्तीत फिरण्यासाठी या ओसरीसारखी दुसरी सोय नाही.

जोडप्यापुढे येथे पहिला निर्णय उभा राहतो. डॉर्मिटरीत म्हणजे सामाईक खोलीत दोन बंक घेतले तर पैसे वाचतात, परंतु दोघांना एकांत मिळत नाही. स्वतंत्र खोली घेतली तर ती बहुधा लहान, खिडकीविना आणि तरीही महाग असते. काही हॉस्टेलांत दोघांसाठी रुंद कप्पे असतात, तो मधला मार्ग ठरतो. रात्रभराच्या विमानप्रवासानंतरची पहिली रात्र स्वतंत्र खोलीत आणि पुढची डॉर्मिटरीत काढणे अनेकदा शहाणपणाचे असते, कारण थोड्या दिवसांच्या मुक्कामात अपुरी झोप ही पैशांच्या टंचाईपेक्षा अधिक कुरबुरी निर्माण करते.

रुळांवरून शहर

चांगी विमानतळातूनच मेट्रो, म्हणजे तेथील बोलीत ‘एमआरटी’, सुटते आणि ताना मेरा स्थानकावर गाडी बदलून तासाभरात जुन्या शहरात पोहोचता येते. या मेट्रोचा पहिला टप्पा ७ नोव्हेंबर १९८७ रोजी यो चू कांग ते तोआ पायो या स्थानकांदरम्यान सुरू झाला. भाडे अंतरावर ठरते, आणि ठरावीक वेळेत बस व आगगाडी यांच्यात केलेला बदल एकाच प्रवासात मोजला जातो, म्हणून गाडी बदलण्याचा दंड प्रवाशाला बसत नाही. संपर्करहित बँक कार्ड थेट फाटकावर टेकवून आत जाता येते. मात्र एका कार्डावर एकच व्यक्ती प्रवास करू शकत असल्याने दोघांकडे वेगवेगळे कार्ड असणे जरूर आहे.

ही वाहतूक उत्तम चालते याचे कारण केवळ नवे तंत्रज्ञान नव्हे. रस्त्यांवरील गर्दी कमी करण्यासाठी शहराच्या मध्यभागात येणाऱ्या मोटारींवर शुल्क आकारण्यास सिंगापूरने १९७५ मध्येच सुरुवात केली आणि १९९० पासून मोटार बाळगण्यासाठी मर्यादित संख्येतील परवाना लिलावात विकत घेण्याची पद्धत लागू केली. हा परवाना फार महाग पडतो, त्यामुळे खात्यापित्या घरातील माणसेही बस आणि आगगाडीने जातात, आणि ज्या सेवेचा वापर सर्व थरांतील लोक करतात, तिची निगा राखणे शासनाला भागच पडते.

हॉकर सेंटर : एका छपराखालची खाऊगल्ली

रस्त्यावर फिरून किंवा गाडा लावून अन्न विकणाऱ्याला इंग्रजीत ‘हॉकर’ म्हणतात. स्वातंत्र्यानंतर सिंगापूरने अशा विक्रेत्यांची नोंदणी केली, त्यांना परवाने दिले आणि १९७० व ८० च्या दशकांत त्यांना पाणी, सांडपाण्याची सोय आणि कचऱ्याची व्यवस्था असलेल्या, छप्पर घातलेल्या सामाईक जागांत हलवले. हीच हॉकर सेंटरे होत. आज त्यांची संख्या शंभरांहून अधिक आहे, आणि डिसेंबर २०२० मध्ये युनेस्कोने सिंगापूरच्या हॉकर संस्कृतीचा समावेश मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला.

येथे एक थाळा साधारण ४ ते ७ सिंगापूर डॉलरला मिळतो, आणि रेस्टॉरंटांप्रमाणे वर सेवाशुल्क पडत नाही. जोडीने प्रवास करण्याचा लाभ सर्वांत अधिक येथे जाणवतो, कारण दोघांनी दोन वेगळ्या गाळ्यांवरचे पदार्थ घेऊन वाटून खाल्ले की एका जेवणात दोन समाजांची स्वयंपाकघरे कळतात. कोंबडीच्या रश्शात शिजवलेल्या भातासह येणारी हाइनानी ‘चिकन राइस’, नारळाच्या दुधातील शेवयांची तिखट ‘लाक्सा’, नारळाच्या दुधात शिजवलेला मलाय ‘नासी लमाक’ आणि भारतीय पराठ्याचे नाव व रूप घेऊन तेथे स्थिरावलेला ‘रोटी प्राटा’ हे त्यांतील ठळक पदार्थ आहेत. शाकाहारी प्रवाशाने भाजीच्या पदार्थातही चरबी, सुक्या कोळंबीचे तिखट किंवा माशांचे सॉस असू शकते हे ध्यानात ठेवून विचारून घ्यावे. चिनी बौद्ध पद्धतीचे शाकाहारी गाळे अनेक केंद्रांत असतात आणि सेरंगून रोडवर १९४७ पासून चालू असलेल्या कोमला विलाससारखी दक्षिण भारतीय भोजनालये आहेत.

कॉफी मागण्याची तेथील भाषाही शिकण्यासारखी आहे. ‘कोपी’ म्हटले की आटवलेले गोड दूध घातलेली कॉफी मिळते, ‘कोपी ओ’ म्हणजे दुधाविना पण साखर घातलेली, आणि ‘कोसोंग’ या मलाय शब्दाचा अर्थ ‘रिकामे’ असल्याने ‘कोपी ओ कोसोंग’ म्हणजे दूध व साखर दोन्ही नसलेली कॉफी. टेबलावर ठेवलेले कागदी रुमालांचे पाकीट म्हणजे ती जागा कोणी तरी राखून ठेवलेली आहे, असा संकेत असतो. जेवण झाल्यावर ताट स्वतः नेऊन ठेवणे २०२१ पासून सक्तीचे आहे, आणि हलाल व इतर ताटांसाठी वेगळे कप्पे असतात. ते पाहून ताट ठेवणे ही तेथील शिष्टाचाराची पहिली पायरी आहे.

एका रस्त्यावरचे तीन धर्म

पहिल्या संध्याकाळी चायनाटाउनमधील साउथ ब्रिज रोडवर फिरावे. या एकाच रस्त्यावर १८२७ मध्ये स्थापन झालेले श्री मारिअम्मन मंदिर, त्याच्या शेजारी तमिळ मुसलमानांनी बांधलेली जामे मशीद आणि थोडे पुढे २००७ साली उघडलेले बुद्धदंत मंदिर आहे. जवळच्या तेलोक आयर रस्त्यावर थियान होक केंग हे समुद्रदेवता माझू हिचे मंदिर असून ते १८३९ ते १८४२ या काळात बांधले गेले. चीनहून सुखरूप पोहोचलेले खलाशी किनाऱ्यावर उतरताच येथे देवीचे आभार मानत. आज या मंदिरापुढून समुद्र दिसत नाही, कारण भराव टाकून किनारा बराच दूर ढकलला गेला आहे. १९६० च्या दशकात सुमारे ५८० चौरस किलोमीटर असलेल्या या देशाचे क्षेत्रफळ आता ७३० चौरस किलोमीटरच्या वर गेले आहे. समुद्रदेवतेचे मंदिर भरवस्तीत कसे आले, याचे उत्तर या आकड्यांत आहे.

इंग्रजी, मलाय, चिनी आणि तमिळ या चार भाषा तेथे अधिकृत असल्याने मेट्रोतील पाट्या व उद्घोषणांतूनही भाषांचा परिचय होत राहतो. मलाय भाषेत भाषेलाच ‘बहासा’ म्हणतात, रंगाला ‘वर्ना’ आणि नावाला ‘नामा’. तर पतिपत्नींच्या जोडीला ‘सुआमी इस्तेरी’ असा शब्द आहे, जो ‘स्वामी’ आणि ‘स्त्री’ या संस्कृत शब्दांपासून आला आहे. मराठी जोडप्याला आपली ओळख करून देण्यासाठी याहून जवळचा परका शब्द क्वचितच सापडेल.

महाराष्ट्राशी असलेला आणखी एक धागा येथील इतिहासात आहे. २१ ऑक्टोबर १९४३ रोजी सुभाषचंद्र बोस यांनी सिंगापुरातील कॅथे इमारतीत आझाद हिंद सरकारची घोषणा केली, आणि त्याच सुमारास येथे आझाद हिंद सेनेच्या स्त्रियांच्या पथकाचे शिबिर सुरू झाले. मलायातील मळ्यांत राबणाऱ्या कुटुंबांतील अनेक तमिळ मुली ज्यात दाखल झाल्या, त्या पथकाला तांबे या मराठी घराण्यात जन्मलेल्या मनकर्णिकेचे, म्हणजे झाशीच्या राणीचे नाव होते. एस्प्लनेड पार्कमध्ये आझाद हिंद सेनेच्या स्मारकाची जागा दाखवणारी खूण आहे, आणि तेथे जाण्यास कोणतेही शुल्क नाही.

घरे आणि पाणी

दुसऱ्या दिवशी थोडा वेळ काढून, पर्यटक सहसा जात नाहीत अशा एखाद्या निवासी वसाहतीत जावे. तोआ पायो हे त्यासाठी सोयीचे ठिकाण आहे. या नावाचा अर्थ ‘मोठी दलदल’ असा असून ‘तोआ’ हा होक्किएन चिनी आणि ‘पायो’ हा मलायवरून आलेला शब्द आहे. १९६० साली स्थापन झालेल्या गृहनिर्माण व विकास मंडळाने, म्हणजे ‘एचडीबी’ने, अशा जागांवर उंच इमारतींच्या वसाहती उभारल्या. २५ मे १९६१ रोजी बुकित हो स्वी या झोपडवस्तीत लागलेल्या आगीत सुमारे सोळा हजार लोक बेघर झाले, आणि त्यानंतर या कामाला मोठी गती आली. आज देशातील रहिवाशांपैकी सुमारे ८० टक्के लोक या मंडळाच्या घरांत राहतात, बहुतेकांनी ती ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर विकत घेतलेली असतात, आणि १९८९ पासून प्रत्येक इमारतीत व परिसरात कोणत्या वंशाची किती कुटुंबे असावीत याची मर्यादा ठरवलेली आहे. या नियमामुळे घर विकण्याच्या स्वातंत्र्यावर बंधन येते, परंतु वेगवेगळ्या समाजांच्या बंदिस्त वस्त्या निर्माण होणे टळते. बहुतेक जुन्या इमारतींचा तळमजला मोकळा ठेवलेला असतो, आणि तेथे एखाद्या दिवशी मलाय लग्न तर दुसऱ्या दिवशी चिनी अंत्यविधी होताना दिसतो.

पाण्याची कथाही तेवढीच बोलकी आहे. नद्या लहान आणि जमीन थोडी असल्यामुळे सिंगापूर मलेशियातील जोहोर राज्यातून पाणी घेते, आणि १९६२ चा त्यासाठीचा करार २०६१ मध्ये संपणार आहे. या परावलंबनावर उपाय म्हणून पावसाचे पाणी साठवणे, सांडपाणी अतिशुद्ध करून पुन्हा वापरणे आणि समुद्राच्या पाण्यातील मीठ काढणे असे मार्ग अवलंबिले गेले. शुद्ध केलेल्या सांडपाण्याला ‘न्यूवॉटर’ असे नाव असून त्याचा पुरवठा २००३ पासून सुरू आहे. पूर्वी गटारासारख्या झालेल्या सिंगापूर नदीची स्वच्छता १९७७ ते १९८७ या दहा वर्षांत झाली, आणि २००८ मध्ये मरीना बराज हा बंधारा बांधून नदीमुखाचे रूपांतर गोड्या पाण्याच्या जलाशयात करण्यात आले. या जलाशयात देशाच्या सुमारे एक षष्ठांश भूभागावरचे पावसाचे पाणी येते. बंधाऱ्याच्या इमारतीच्या हिरवळ लावलेल्या छतावर संध्याकाळी कुटुंबे पतंग उडवतात. समोर मरीना बेचे मनोरे दिसतात आणि जवळच २०१२ मध्ये उघडलेल्या ‘गार्डन्स बाय द बे’ या उद्यानातील उंच कृत्रिम वृक्षांवर रात्री विनाशुल्क प्रकाशखेळ होतो. हजारो रुपये मोजून उंच हॉटेलच्या गच्चीवरून जे दिसते, त्याहून या छतावरून शहराचे मर्म अधिक नीट कळते.

सकाळसाठी १८५९ साली स्थापन झालेली बोटॅनिक गार्डन्स ही जागा उत्तम. ही बाग २०१५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे, आणि तेथेच हेन्‍री रिडली याने रबराच्या झाडाला इजा न करता चीक काढण्याची पद्धत विकसित केली, जिच्यावर मलायातील रबराचे मळे उभे राहिले. ऑर्किडचा विभाग सोडला तर बागेत प्रवेश विनामूल्य आहे. परतीच्या दिवशी विमान संध्याकाळी असेल, तर चांगी पॉइंटच्या धक्क्यावरून पुलाऊ उबिन या बेटावर जावे. तेथे नेणारी लाकडी होडी बारा उतारू जमले की सुटते, बेटावर भाड्याच्या सायकली मिळतात आणि खारफुटी, जुन्या खाणींचे तलाव व पत्र्याची घरे पाहताना सिंगापूर पूर्वी कसे दिसत असेल याची कल्पना येते. विमानतळ याच बाजूला असल्याने मुक्कामाची सांगता तेथे करणे सोयीचे पडते.

शिस्तीची किंमत आणि ज्यांनी ती मोजली ते लोक

या व्यवस्थेचे कौतुक करताना तिची दुसरी बाजू झाकू नये. मेट्रोत खाणेपिणे, रस्त्यावर कचरा टाकणे, बंदी असलेल्या जागी धूम्रपान करणे यांवर दंड आहे; सार्वजनिक सभा आणि भाषणे यांवरही कडक निर्बंध आहेत. शिवाय हे झगमगते शहर ज्यांच्या हातांनी बांधले जाते, त्या बांगलादेश, भारत, चीन आदी देशांतून आलेल्या मजुरांपैकी बहुतेकांना तेथे कायमचे राहण्याचा हक्क मिळत नाही. ते शहराच्या कडेच्या वसतिगृहांत दाटीने राहतात, आणि २०२० मध्ये कोविडची साथ याच वसतिगृहांत सर्वाधिक पसरली तेव्हा त्यांच्या राहणीकडे जगाचे लक्ष गेले. रविवारी संध्याकाळी लिटल इंडियात गेल्यास हजारो मजूर मित्रांना भेटताना, घरी पैसे पाठवताना आणि गवतावर बसून जेवताना दिसतात. सॅकवाल्या जोडप्याचा आणि या माणसांचा रस्ता येथे एकमेकांना भेटतो, कारण स्वस्त जेवण, बस आणि मोकळे मैदान यांचा आधार दोघांनाही असतो. फरक एवढाच, की जोडप्यासाठी ही काटकसर निवडलेली असते आणि मजुरासाठी ती नसते. हे भान ठेवून त्या वस्तीत वावरावे, आणि त्या माणसांकडे कॅमेरा रोखण्यापूर्वी परवानगी विचारावी.

दोघांचा वेळ

अडीच दिवसांच्या मुक्कामात सर्व काही पाहण्याचा हट्ट धरला, तर थकवा आणि वाद एवढेच हाती लागते. दुपारी बारा ते चार ही वेळ उन्हाची असल्याने ती विश्रांतीसाठी किंवा एखाद्या वस्तुसंग्रहालयासाठी ठेवावी. सकाळ आणि संध्याकाळ चालण्यासाठी ठेवावी. रोज एक ठिकाण तिने आणि एक त्याने निवडावे, आणि दिवसातील दोन-तीन तास दोघांनी वेगवेगळे फिरण्यास हरकत नसावी. रात्री उशिरापर्यंत स्त्रीला एकटीने बस वा मेट्रोने निर्धास्त प्रवास करता येत असल्यामुळे हे स्वातंत्र्य तेथे दोघांनाही सारखे मिळते. अनेक शहरांत ते केवळ पुरुषाला मिळते. खर्चाचा हिशेब दोघांनी रोज रात्री मिळून लिहावा, म्हणजे पैशांवरून पुढे कटुता येत नाही.

शहर आधुनिक आहे की नाही, हे त्याच्या मनोऱ्यांच्या उंचीवरून ठरवू नये. तुटपुंज्या पैशांत तेथे येणाऱ्याला स्वच्छ पाणी, पोटभर अन्न, वेळेवर येणारी बस आणि सावलीत बसायला बाक मिळतो का, यावरून ठरवावे. सिंगापूर या कसोटीला पाहुण्याच्या बाबतीत बरेचसे उतरते, आणि मजुराच्या बाबतीत त्याला अजून पुष्कळ वाट चालायची आहे. भारतात फेरीवाल्यांच्या हक्कांचा कायदा २०१४ साली झाला, परंतु आपल्या बहुतेक शहरांत फेरीवाल्याला हक्काची जागा, नळ आणि छप्पर अजून मिळालेले नाही. म्हणून लांबच्या प्रवासाला निघालेल्या मराठी जोडप्यांनी वाटेत दोन दिवस काढून हॉकर सेंटरात जेवावे, तोआ पायोच्या मोकळ्या तळमजल्यावर बसावे, बंधाऱ्याच्या छतावरून पाणी पाहावे, आणि घरी परतल्यावर आपल्या नगरसेवकाला विचारावे, की हे आपल्या गावात केव्हा होणार.